नववीच्या वर्गात इंग्रजी बोलण्याचे खेळ: मुलं खेळतात, पण मराठीतच बोलतात

पंचगंगाकाठ:

नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. यंदा नववीचा वर्ग माझ्याकडे आहे, पट ५४. तास ३५ मिनिटांचा, त्यातली पहिली चार-पाच मिनिटं हजेरीत आणि वह्या गोळा करण्यात जातात. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे माझ्यासमोर बसलेल्या मुलांनी आठ वर्षं हा विषय शिकलेला आहे. धड्याखालची उत्तरं ती लिहितात, कृतिपत्रिकेतले चौकोन भरतात, काहींचं अक्षर आणि स्पेलिंग बघून समाधान वाटतं. पण 'व्हॉट डिड यू डू यस्टरडे?' असं विचारलं की सगळा वर्ग बाकाकडे बघायला लागतो.

म्हणून दिवाळीनंतर ठरवलं, आठवड्यातला एक तास फक्त बोलण्याच्या खेळांचा. तीन खेळ करून पाहिले आणि तिन्ही फसले. कसे फसले ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला सांगणं सोपं जाईल.

पहिला जॅम, म्हणजे जस्ट अ मिनिट. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, एकेकाला उठवलं. माझ्या वर्गातली लेखीत सगळ्यात पुढे असलेली मुलगी उठली, विषय निघाला 'माय व्हिलेज'. दोन वाक्यं बोलली आणि अडकली. मीच नियम सांगून ठेवला होता की कुणी अडखळलं तर बाकीच्यांनी 'हेजिटेशन' म्हणायचं. मागून पाच-सहा पोरं एकदम ओरडली. ती खाली बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तेव्हापासून तिने एकदाही हात वर केलेला नाही. हे मला फार लागलं आहे.

दुसरा निर्जन बेटाचा. जहाज बुडालं, बेटावर पाचच वस्तू नेता येतील, कोणत्या न्याल? सहा-सहाचे नऊ गट केले. चर्चा अगदी रंगली, पण सगळी मराठीत. शेवटी गटप्रमुखाने उठून वाचलं: 'रोप, नाईफ, मॅचबॉक्स, वॉटर, मोबाईल.' पाच शब्द. संपला खेळ.

तिसरा वादविवाद, मोबाईल शाप की वरदान. चार जणांनी घरून पाठ करून आणलं, पन्नास जणांनी ऐकलं. आणि बेटाच्या दिवशी एवढा आवाज झाला की मुख्याध्यापक सर दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, पण ते उभं राहणं मला कळलं.

बाक जमिनीला ठोकलेले आहेत, एका बाकावर तिघं. प्रोजेक्टर आहे, पण त्यासाठी संगणक कक्षात जावं लागतं. मला विचारायचंय ते एवढंच: असा कुठला खेळ आहे का, ज्यात इंग्रजी बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही? आणि ५४ जणांत तो चालवायचा कसा?

---

खडूफळा:

ताई, तुमची तळमळ पोचली. मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तुमचे तिन्ही खेळ मीही केले आहेत आणि तिन्ही माझ्याकडेही असेच फसले होते.

आधी त्या मुलीबद्दल. जस्ट अ मिनिट हा बीबीसी रेडिओवरचा खेळ, १९६७ पासूनचा. अडखळायचं नाही, तोच शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही, असे त्याचे तीन नियम. तो खेळणारी माणसं इंग्रजीत जन्मलेली, त्यातही बोलण्यात पटाईत. नव्याने बोलायला लागलेल्या पोराला तर अडखळायची आणि तोच शब्द पाच वेळा वापरायची मुभाच हवी असते. ज्या दोन गोष्टींनी भाषा तोंडात बसते त्याच दोन्हींना तिथे दंड आहे. त्या मुलीला जवळ बोलवून एवढं सांगा, की चूक खेळाची होती. माझं ऐका, हे आधी करा, बाकीचं नंतर.

आता बेट. मुलं मराठीत बोलली त्यात त्यांचा दोष नाही. सहाही जणांना सगळ्या वस्तू माहीत, सगळ्यांना मराठी येतं, आणि शेवटी पाच शब्द वाचले की काम भागतं. मग इंग्रजी बोलायचं कशाला? बोलण्याची गरज कधी लागते? तुमच्याजवळ असलेली गोष्ट मला हवी असते आणि ती मला दिसत नसते, तेव्हा.

मी एसटीच्या वेळापत्रकाचा खेळ करायचो. दोन कागद, अ आणि ब. दोन्हीवर अंबाजोगाईहून सुटणाऱ्या त्याच आठ गाड्या. अ कागदावर चार गाड्यांच्या वेळा आणि दुसऱ्या चारांचं भाडं, ब कागदावर त्याच्या उलट. गाड्यांचे आकडे मी मनानेच टाकायचो, त्याने काही बिघडत नाही. मध्ये पाठ्यपुस्तक उभं धरायचं, कागद दाखवायचा नाही, विचारून विचारून आपला तक्ता पुरा करायचा. 'व्हॉट टाइम डझ द लातूर बस लीव्ह?', 'हाऊ मच इज द तिकीट?', एवढी दोनच वाक्यं लागतात. पण एकदा काय झालं, एका पोराने भाडं 'फिफ्टी' सांगितलं आणि दुसऱ्याने पंधरा लिहिलं. तक्ते जुळेनात. दोघं हमरीतुमरीवर आले, आणि मग त्यातला एक म्हणाला, 'फिफ्टी? फाइव्ह झीरो?' दुसरा म्हणाला, 'येस, येस, फाइव्ह झीरो!' ताई, हे वाक्य मी त्यांना शिकवलं नव्हतं. अडलं तेव्हा त्यांनी ते स्वतः काढलं. त्या दिवशी मी घरी जाताना रस्ताभर तेच घोळवत होतो.

ही काही माझी युक्ती नव्हे. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि दक्षिणेकडच्या इतर काही साध्या शाळांमध्ये, आपल्यासारख्याच भरलेल्या वर्गांत, याच धर्तीवर इंग्रजी शिकवून पाहिलं. त्यांनी तीन प्रकारचे खड्डे, इंग्रजीत 'गॅप', सांगितले. माहितीचा खड्डा, म्हणजे तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही. तर्काचा खड्डा, म्हणजे दिलेल्या माहितीवरून नवीन काहीतरी काढायचं. आणि मताचा खड्डा. बेट आणि वादविवाद हे मताचे खेळ. मुलं अजून माहितीच्या पायरीवर आहेत आणि आपण त्यांना एकदम मताच्या पायरीवर उभं करतो.

आणखी एक, आवाजाची काळजी आहे म्हणून सांगतो. प्रभूंनी गटकाम जवळजवळ टाळलंच होतं. गटात सोडलं की पोरं मातृभाषेत शिरतील, नाहीतर एकमेकांचीच मोडकी भाषा पक्की करतील, अशी त्यांना धास्ती होती. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर तसाच एक नमुना सोडवायचा, मग प्रत्येकाने आपापला. मी जोड्या करायचो, पण आधी दहा मिनिटं फळ्यापाशी एका पोराला घेऊन तोच खेळ सगळ्यांसमोर करायचो. सहाचा गट कधी केला नाही. सहात चौघं लपतात.

---

सकाळची_शाळा:

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. दहावीला इंग्रजीचे लेखी ८० आणि अंतर्गत २०. पालक निकाल बघतात, संस्था निकाल बघते. आठवड्याचा पूर्ण तास खेळाला दिला तर नववीचा अभ्यासक्रम फेब्रुवारीत धाप टाकतो, हे मी दोन वर्षं भोगलं आहे. मी आता रोजच्या तासाची शेवटची आठ मिनिटं घेते आणि त्याच दिवशीच्या धड्यावर घेते. वेगळा विषय नाही, वेगळी तयारी नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे चांगली चालते, ती घ्या. चिंचोके. प्रत्येकाला तीन. बोललं की एक चिंचोका बाकाच्या मध्ये ठेवायचा. तिन्ही संपले की गप्प बसायचं, बाकीच्यांचे संपेपर्यंत. जी दोन पोरं सगळं बोलून टाकतात ती आपोआप थांबतात, आणि जिच्या हातात तीन चिंचोके उरलेत तिच्याकडे सगळे बघतात. कुणी ओरडत नाही, नुसते वाट बघतात. पाच किलो चिंचोके आईने घरून पाठवले होते, अजून पुरतात.

---

निळी_वही:

मी शिक्षिका नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. मूळची सांगलीची, आता जर्मनीत रुग्णालयात परिचारिका आहे. इथे येण्यासाठी पुण्यात जर्मन शिकले तेव्हा माझी अवस्था तुमच्या त्या मुलीसारखीच होती. व्याकरणात पैकीच्या पैकी आणि तोंड उघडलं की घशात काटा.

मॅक्स म्युलर भवनाच्या ए-टू, म्हणजे जर्मनच्या दुसऱ्या पायरीच्या, परीक्षेत बोलण्याचा शेवटचा भाग असतो तो ऐका. दोघं परीक्षार्थी समोरासमोर. दोघांना दिवसाचं एकेक वेळापत्रक देतात, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. तुमची दोघांची कामं वेगवेगळ्या वेळांना आहेत आणि दोघांनी मिळून काहीतरी करायचंय, उदाहरणार्थ भेटवस्तू घ्यायला जायचंय. वेळ ठरवा. बस. खडूफळा सर म्हणतात तोच हा खड्डा.

पण नुसता कागद देऊन माझं तोंड उघडलं नसतं. आमच्या बाईंनी आठवडाभर आधी सहा वाक्यं दिली होती. 'तेव्हा मला जमणार नाही', 'त्याऐवजी चार वाजता चालेल का?', 'पुन्हा सांगाल का?', 'मला वाटतं हे बरं पडेल', 'बरोबर, पण...', 'मग ठरलं'. ही वाक्यं जर्मनमध्ये एका कागदावर लिहून मी स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चिकटवली होती. भाजी फोडणीला टाकताना ती म्हणायची. परीक्षेत मी तीच सहा वाक्यं आळीपाळीने वापरली आणि मधल्या जागा वेळांनी आणि वारांनी भरल्या. आज पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती देते तेव्हा निम्म्याहून जास्त बोलणं असंच चालतं. तीच वाक्यं, आतली माहिती तेवढी नवी.

तुमच्या मुलांना बेटाच्या दिवशी 'आय थिंक वुई शुड टेक', 'आय डोन्ट अग्री, बिकॉज', 'कॅन यू से इट अगेन?' हे फळ्यावर होतं का? नसेल तर त्यांच्यापाशी चर्चा करायला हत्यारच नव्हतं. शब्द होते, ते त्यांनी तुम्हाला दिले.

आणि दोन मिनिटं शांतता द्या. बोलायच्या आधी, कागदावर शब्द मांडायला. मला ती दोन मिनिटं मिळाली नसती तर मी आज इथे नसते.

---

केळीचं_पान:

धुळ्याहून. मी कनिष्ठ महाविद्यालयात आहे, अकरावीची मुलं, बहुतेक मराठी आणि अहिराणी बोलणारी. वर सगळं मोलाचं आलंय, मी एकच खेळ सांगतो. इंग्रजी शिकवणाऱ्यांत तो 'अ‍ॅलिबाय' म्हणून जुना आहे, आमची मुलं त्याला चोर-पोलीसच म्हणतात.

काल संध्याकाळी पाच ते सात या वेळात कॉलेजची घंटा चोरीला गेली. संशयित दोघं. दोघांचं म्हणणं, आम्ही त्या वेळी एकत्र होतो. त्यांना पाच मिनिटं व्हरांड्यात पाठवायचं, त्यांनी आपली हकिगत जुळवायची: कुठे होतो, काय खाल्लं, घरी कसे आलो. तोवर वर्ग प्रश्न तयार करतो. मग एकाला आत घ्यायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं फळ्यावर लिहायची. नंतर फळा झाकून दुसऱ्याला आत घ्यायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. तीन उत्तरं वेगळी आली की चोर पकडला.

बाक ठोकलेले असले तरी चालतं, कारण सगळा वर्ग एका माणसाकडे तोंड करून बसतो. आवाजही एका वेळी एकाचाच. आणि व्याकरणाचं म्हणाल तर साधा भूतकाळ आणि प्रश्नार्थक वाक्यं यांचा एवढा सराव मी वही भरून कधी करून घेऊ शकलो नाही. पहिल्या खेपेला प्रश्न सपाट असतात, 'व्हेअर वेअर यू?' तिसऱ्या खेपेला मुलं हुशार होतात. एका मुलीने विचारलं, 'हू पेड फॉर द भजी?' पहिला म्हणाला मी, दुसराही म्हणाला मी. वर्ग उभा राहिला.

चुका मी मध्ये दुरुस्त करत नाही. एका चिठ्ठीवर टिपून ठेवतो आणि शेवटी पाच वाक्यं फळ्यावर लिहितो, कुणाची ते न सांगता. मुलंच दुरुस्त करतात.

---

पंचगंगाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गप्प होते, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

खडूफळा सर, तुम्ही सांगितलंत ते पहिलं केलं. मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलवलं आणि सांगितलं की नियम चुकीचा होता आणि तो मी घातला होता. ती काही बोलली नाही, मान हलवली फक्त. पहिल्या आठवड्यात एसटीचा खेळ केला, जयसिंगपूरच्या गाड्या घालून. दुसऱ्या आठवड्यात घंटेची चोरी. दोन्हींत वर्ग बोलला. मुख्याध्यापक सर चोरीच्या दिवशी पुन्हा दारात आले, आणि या खेपेला आत येऊन मागच्या बाकावर बसले. एक प्रश्नही विचारला त्यांनी, इंग्रजीत.

सकाळची_शाळा ताई, अभ्यासक्रमाचं तुमचं म्हणणं मला पटतं. पूर्ण तास आता पंधरा दिवसांतून एकच घेते, बाकी दिवशी शेवटची आठ मिनिटं.

तिसऱ्या आठवड्यात मी बेट पुन्हा काढलं, पण बदलून. बेट आमच्या पोरांनी बघितलेलं नाही. पूर बघितलाय. २०१९ च्या ऑगस्टमधला, २०२१ च्या जुलैमधला. नावेतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर पडलेली ही मुलं आहेत. विषय काढावा की नाही याचा दोन दिवस विचार केला. आदल्या दिवशी वर्गाला विचारलं, ज्याला नको असेल त्याने मला एकट्याला सांगा. एका मुलाने सांगितलं. त्याला घड्याळ दिलं, वेळ मोजायचं काम. ते त्याने फार चोख केलं.

कागद दोन. अ कडे घराची माहिती: आजीला चालता येत नाही, गोठ्यात दोन म्हशी, कपाटात कागदपत्रं, माळ्यावर धान्य. ब कडे नावेची माहिती: नाव एकदाच येणार, एका तासाने, माणसं सहा आणि सामान पाचच नग, जनावरं घेत नाहीत. ठरवायचं दोघांनी, काय न्यायचं आणि आधी काय करायचं. एका बाकावर तिघं असल्याने तिसऱ्याला लिहून घ्यायचं काम. सात वाक्यं फळ्यावर, निळी_वहीच्या सहांत मी एक घातलं: 'हाऊ डू वुई से धिस इन इंग्लिश?' दोन मिनिटं शांतता. प्रत्येकाला तीन चिंचोके.

निम्मा वेळ तरी इंग्रजी होतं. मराठी अधेमधे आलीच, पण आता ती शब्द अडला की यायची, आणि मग फळ्यावरचं सातवं वाक्य यायचं. रेशनकार्ड की आजीचं औषध यावर एका बाकावर असं जुंपलं की मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले. 'मेडिसिन वुई कॅन गेट देअर, कार्ड नो वन विल गिव्ह.' वाक्य मोडकं आहे, पण ज्याच्या घरचं कार्ड पाण्यात गेलंय तोच ते बोलू शकतो.

मग तिसऱ्या रांगेतून हात वर आला. तिचाच. म्हणाली, 'मॅडम, हाऊ डू वुई से दावं सोडणं?' नाव जनावरं घेत नाही म्हटल्यावर म्हशी दावणीला बांधलेल्या ठेवून जायचं नसतं, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. मी फळ्यावर 'अनटाय' लिहिलं. वर्गाने वहीत उतरवलं, मी सांगितलेलं नसताना.

तिने तिसरा चिंचोका बाकाच्या मध्ये ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, 'फर्स्ट अनटाय द बफेलोज. देन ग्रँडमदर. देन पेपर्स.' मध्ये दोनदा थांबली. कुणीही काही म्हणालं नाही, सगळे वाट बघत होते.